खुबा बदलायचा, पण किडनीचं काय?

पत्र :

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले. कृपया नाव छापू नका. घरची द्राक्षबाग आहे. माझ्या मालकांची किडनी सात वर्षांपूर्वी मुंबईला बदलली. किडनी मी दिली आहे. देवाच्या दयेने आजवर काही त्रास नव्हता, रक्तातलं क्रिएटिनीन, किडनी मंदावली की चढतं ते, १.२ च्या वर कधी गेलं नाही. दीड वर्षापासून त्यांच्या उजव्या जांघेत दुखतं. आधी गुडघा समजून गुडघ्याचा फोटो काढला, तो चांगला आला. मग एमआरआय केला तर खुब्याचा बॉल सुकून चेपलाय असं निघालं. नाशिकला हाडांच्या दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा, सांधा बदलून टाकू. दुसरे म्हणाले, किडनी बदललेल्या माणसाला मी हात लावणार नाही, इन्फेक्शन झालं तर पायही जाईल आणि किडनीही. माझा भाऊ औषधाच्या दुकानात कामाला आहे. तो म्हणतो, ऑपरेशनच्या आधी महिनाभर किडनीच्या गोळ्या बंद ठेवल्या की जखम लवकर भरते. सासूबाई म्हणतात, गावात एक जण पाय चांगला चोळून देतो, त्याच्याकडे न्या. मालकांना बाग सोडवत नाही. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात, ती खातात आणि फवारणीला जातात. मागच्या महिन्यात क्रिएटिनीन १.५ आलं. मुंबईच्या किडनीच्या डॉक्टरांना अजून काही कळवलेलं नाही, ते रागावतील म्हणून. मालकांना सिंहस्थात गोदावरीत डुबकी मारायची आहे, तोवर पाय बरा करा म्हणतात. मला एवढंच सांगा, सांधा बदलला तर मी दिलेली किडनी जाईल का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. किडनी चांगली चालत असताना, नीट तयारी करून, किडनीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली खुबा बदलला तर केवळ त्या ऑपरेशनमुळे किडनी कायमची जाणं क्वचितच घडतं. आज तुमच्या घरात किडनीला खरा धोका आहे तो मेडिकलमधून येणाऱ्या त्या गोळीचा. पत्रात तुम्ही तो उल्लेख जाता जाता केलाय, मी मात्र तिथेच थांबले.

दुखण्यावरच्या बहुतेक गोळ्यांत डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांपैकी काहीतरी असतं. दादा, म्हणजे तुमचे मालक, शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घेतात ती टॅक्रोलिमस किडनीकडे रक्त नेणारी बारीक नळी थोडी आवळते. शरीर त्यावर उपाय म्हणून काही द्रव्यं तयार करून ती नळी उघडी ठेवतं. दुखण्याची गोळी नेमकी तीच द्रव्यं बंद पाडते. म्हणजे दोन्ही बाजूंनी नळी आवळली जाते, आणि त्यात चैत्र-वैशाखातल्या उन्हात पाणी न पिता बागेत काम. १.२ चं १.५ होण्यामागे हेच असेल अशी माझी दाट शंका आहे, पण शंकेवर भागत नाही. किडनी नाकारली जाण्याची सुरुवातही अशीच दिसू शकते, टॅक्रोलिमसचं प्रमाण रक्तात जास्त झालं तरी असंच दिसतं. म्हणून आजच ती दुखण्याची गोळी बंद करा आणि उद्याच मुंबईच्या डॉक्टरांना फोन करा. ते रागावतील, रागावू द्या. किडनीच्या डॉक्टरांचा राग मी जवळून पाहिलाय, तो पाच मिनिटांचा असतो. पाकिटं फेकू नका, त्यांचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, म्हणजे दादांनी नेमकं काय आणि किती घेतलं हे त्यांना कळेल.

तोवर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, किती घ्यायची ते डॉक्टर सांगतील. आणि काठी. बहुतेक लोक दुखऱ्या पायाच्या बाजूलाच काठी धरतात. दादांचा उजवा खुबा दुखतोय, तर काठी डाव्या हातात हवी. उजवं पाऊल टाकताना डाव्या हाताने काठीवर जोर द्यायचा. दोन दिवस अवघडल्यासारखं वाटतं, पण खुब्यावरचा भार बराच कमी होतो. पन्नाशीच्या आतला बागायतदार काठी घ्यायला लाजतो हे मला ठाऊक आहे. गोळी खाऊन ताठ चालण्यापेक्षा काठी परवडली, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा.

आता हे झालं कसं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, ज्याला तुम्ही बॉल म्हणता, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी मोजक्या असतात. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून देतात त्या स्टेरॉइडमुळे हाडातल्या चरबीत आणि त्या वाहिन्यांत बदल होतात आणि रक्तपुरवठा आटतो. ड्रिपची नळी तुंबली की त्या एका वेलाचं जसं होतं, तसं ते हाड उभ्याउभ्या वाळतं आणि मग वजनाखाली चेपतं. किडनी बदलल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत स्टेरॉइडचा डोस मोठा असतो, आणि दुखणं मात्र कधीकधी वर्षांनी वर येतं. पूर्वी हे फार दिसायचं. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमस ही किडनी टिकवणारी औषधं आल्यावर स्टेरॉइडचे डोस उतरले आणि हा आजारही कमी झाला, संपला मात्र नाही. कोविडमध्ये स्टेरॉइड दिल्यावर तर किडनीशी काही संबंध नसलेल्या तरुणांतही तो दिसला. जांघेतलं दुखणं गुडघ्यात जाणवतं, म्हणून आधी गुडघ्याचा फोटो निघणं हेही नेहमीचंच. तुमच्या हातून काही राहून गेलं असं मनात आणू नका.

एक गोष्ट मात्र बघा. हा आजार पुष्कळदा दोन्ही खुब्यांत असतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये डाव्या बाजूबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. डावा बॉल अजून चेपलेला नसेल तर त्याला वाचवण्याचे काही उपाय असतात. हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात, हा त्यांतलाच एक. उजव्याला आता ते लागू पडणार नाहीत. एकदा गोळा चेपला की पुन्हा गोल होत नाही. त्यामुळे सांधा बदलणं हाच त्याचा खरा इलाज, हे पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे.

चुकतंय ते 'पुढच्या आठवड्यात'. आणि दुसऱ्या डॉक्टरांची भीती अनाठायी नसली तरी 'हात लावणार नाही' हे उत्तर काही पेशंटच्या कामाचं नाही. त्यांना जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगून दुसरीकडे पाठवणं हा त्यांचा प्रामाणिकपणा समजू, पण म्हणून ऑपरेशन अशक्य ठरत नाही. किडनी बदललेल्यांचे खुबे जगभर कित्येक वर्षं बदलले जात आहेत, आणि बहुतेकांचं दुखणं जातं, चालणं सुधारतं. डायलिसिसवर असताना सांधा बदलणं जास्त धोक्याचं. बदललेली किडनी स्थिर असताना तोच धोका बराच उतरतो. दादांची सात वर्षं झालीत, पहिल्या वर्षातला सर्वांत नाजूक काळ मागे पडलाय. ही जमेची बाजू. फक्त ते क्रिएटिनीन आधी खाली येऊन स्थिरावलं पाहिजे, निदान ते का चढलं हे कळलं पाहिजे. चढत्या क्रिएटिनीनवर ठरवून करायचं ऑपरेशन कुणीही करू नये.

आता जंतुसंसर्गाबद्दल सविस्तर सांगते, कारण खरी काळजी तिथेच आहे. साध्या माणसाचा सांधा बदलला तर शंभरात एखाद-दोघांना सांध्यात इन्फेक्शन होतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण वाढतं. आणि झालं तर ते निस्तरणं फार जड जातं. धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जंतू एक चिकट थर करून बसतात, त्यात औषध नीट शिरत नाही. लवकर कळलं तर सांधा उघडून धुतात. उशीर झाला तर बसवलेला सांधा काढून तिथे औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवतात, काही आठवडे शिरेतून औषधं देतात आणि मग पुन्हा नवीन सांधा. त्यात आणखी एक गुंता. अशा इन्फेक्शनवर वापरलं जाणारं एक महत्त्वाचं औषध म्हणजे रिफॅम्पिसिन, टीबीत देतात तेच. ते सुरू केलं की टॅक्रोलिमस रक्तातून झपाट्याने उतरतं आणि किडनी उघडी पडते. म्हणजे सांधा वाचवायला जावं तर किडनीचं औषध हातातून निसटतं. दुसरे डॉक्टर घाबरले ते बहुधा याच चित्राला.

म्हणून सगळा भर इन्फेक्शन होऊच न देण्यावर. त्यातलं निम्मं काम ऑपरेशनच्या आधी तुमच्याच घरात होतं. रात्री दादांचे पाय उजेडात बघा. टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतली बुरशी, नखाजवळचं जुनं कुरूप, कात्रीने झालेली हाताची जखम. बागेत काम करणाऱ्याच्या अंगावर जंतूंना शिरायला दारं पुष्कळ असतात, आणि त्याला स्वतःला ती दिसेनाशी झालेली असतात. सगळं भरून कोरडं झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. दाताच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा. किडलेला दात, हिरड्यांतला पू, जे काही असेल ते आधी संपवा. लघवीला जळजळ असेल तर सांगा. नाकातल्या जंतूंची तपासणी काही ठिकाणी करतात, जंतू निघाले तर नाकात लावायचं मलम आणि अंघोळीचं औषधी द्रावण देतात. तंबाखू, विडी असेल तर ती आजपासून बंद, त्याने जखम भरत नाही. आणि साखर. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड या दोन्हींमुळे किडनी बदललेल्या बऱ्याच जणांना मधुमेह लागतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, करून घ्या. ती साडेसात-आठच्या वर असेल तर आधी साखर आवरा. कुणी मधल्या काळात आराम पडावा म्हणून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणालं तर नाही म्हणा. ते घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर इन्फेक्शनचा धोका वाढतो.

तुमच्या भावाच्या सल्ल्याकडे वळते. किडनीच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवणं म्हणजे किडनी स्वतःच्या हाताने घालवणं. महिना लांब राहिला, काही दिवस बंद ठेवल्या तरी शरीर परकी किडनी ओळखून तिच्यावर तुटून पडू शकतं, आणि तुमची किडनी तुमच्यासाठी कितीही जिवाची असली तरी दादांच्या रक्तासाठी ती अजूनही पाहुणीच आहे. भावाने ऐकलंय त्यात खऱ्याचा एक तुकडा मात्र आहे. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस या दोन औषधांनी जखम भरायला खरोखर वेळ लागतो. दादांच्या पाकिटावर यांतलं नाव असेल तर किडनीचे डॉक्टर काही आठवडे आधी ते बदलून दुसरं देऊ शकतात. तो निर्णय त्यांचा. टॅक्रोलिमस मात्र सहसा ऑपरेशनच्या दिवशीही चुकवत नाहीत.

त्या दिवशी वॉर्डात काय होऊ शकतं ते सांगते, कारण गफलत होते ती इथेच. रात्रीपासून पेशंटला 'काही द्यायचं नाही' अशी पाटी लागते. सकाळी सिस्टर गोळ्यांची वेळ बघते, पाटी बघते आणि गोळ्या ठेवून देते. हाडांच्या वॉर्डातल्या सिस्टरचा यात दोष नाही, तिच्या नेहमीच्या पेशंटची एखादी गोळी एक वेळ चुकली तर काही बिघडत नाही. म्हणून आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांकडून केसपेपरवर लिहून घ्या की टॅक्रोलिमस घोटभर पाण्याबरोबर सकाळी द्यायची आहे. गोळ्या घरून न्या, दादांच्या नेहमीच्याच ब्रँडच्या, पुरून उरतील एवढ्या. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीच्या असतात, आणि या औषधाचा ब्रँड डॉक्टरांना न विचारता बदलायचा नसतो. टॅक्रोलिमसची लेव्हल काढायची असेल तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढतात, गोळीनंतर काढलं तर आकडा फसवा येतो. ऑपरेशननंतर उलट्या झाल्या आणि गोळी बाहेर पडली तर ती गोष्ट तुम्ही बोलून दाखवायची, कारण उलटी तुम्ही पाहिलेली असते, डॉक्टरांनी नाही.

दादा सात वर्षं रोज थोडं स्टेरॉइड घेत असतील तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची ताकद मंदावलेली असते. ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू नये म्हणून भूलतज्ज्ञ त्या दिवशी जास्तीचा डोस देऊ शकतात. त्याने साखर चढेल, ती तेवढ्यापुरती इन्सुलिनने उतरवतील. तेव्हा घाबरून जाऊ नका.

ऑपरेशनच्या काळात किडनीला सर्वांत जास्त काय सोसत नाही? सुकणं आणि बीपी उतरणं. म्हणून दादांचा नंबर सकाळी पहिला लावायला सांगा, दुपारपर्यंत उपाशी ठेवू नका, सलाइन वेळेवर सुरू होऊ दे. चिरा देण्याच्या तासाभर आधी जे अँटिबायोटिक देतात त्यात सहसा अडचण नसते, पण जेंटामायसिन आणि अमिकासिन ही किडनीला जड. नंतर खोकला झाला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं किंवा बुरशीवर फ्लुकोनाझोल, तर टॅक्रोलिमस रक्तात एकदम चढतं. प्रत्येक नव्या गोळीला 'किडनीच्या डॉक्टरांना विचारलंय का?' हा प्रश्न विचारायचा. चिकट म्हणतील तुम्हाला. म्हणू द्या.

रक्त देण्याबद्दलही आधी बोला. परक्या माणसाचं रक्त चढवलं की शरीर नवी प्रतिद्रव्यं तयार करू शकतं, ती या किडनीला आणि उद्या लागलीच तर पुढच्या किडनीलाही अडचणीची ठरतात. म्हणून हिमोग्लोबिन आधीच वाढवायचं, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड किडनीच्या मानाने डोस ठरवून वापरायचं, आणि तरीही रक्त लागलंच तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं घ्यायचं. घरचे चार जण रक्त द्यायला रांगेत उभे राहिले म्हणून ते चढवलंच पाहिजे असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी सांध्याच्या सर्जनला माहीत असते पण तरीही तोंडाने सांगा. बदललेली किडनी पाठीत नसते, पोटाच्या खालच्या भागात, कुल्ह्याच्या हाडाच्या आत, बहुतेकदा उजवीकडे बसवतात. तिची रक्तवाहिनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीला जोडलेली असते. दादांचा खराब खुबाही उजवाच. म्हणजे शस्त्र आणि किडनी यांच्यात फार अंतर नाही. पेशंटला कुशीवर वळवून पुढून-मागून आधार लावतात तेव्हा तो पुढचा आधार किडनीवर दाबला जाऊ नये, खुब्याच्या वाटीभोवती हत्यारं लावताना आतल्या वाहिन्यांची आठवण राहावी. किडनी नेमकी कुठे आहे ते ऑपरेशनच्या जुन्या कागदांत असतं, मुंबईची फाइल घेऊन जा. आणि ज्या हातात डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आहे त्या हातात ना सलाइन ना बीपीचा पट्टा.

हाडांचंही एक बघून घ्या. किडनीच्या जुन्या आजाराने आणि स्टेरॉइडने हाड ठिसूळ होतं, मग बसवलेला सांधा लवकर ढिला पडू शकतो. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन यांची तपासणी किडनीचे डॉक्टर सांगतीलच. सांध्याच्या प्रकारांत मला फार शिरायचं नाही, सर्जनला ते जास्त कळतं. फक्त धातूवर धातू घासणारा सांधा नको. त्यातून सुटणारे कोबाल्ट-क्रोमियमचे कण किडनीवाटेच बाहेर पडायचे असतात. आता असे सांधे क्वचितच बसवतात, तरी विचारायला काय जातं.

नाशिक की मुंबई? माझं मत स्पष्ट आहे. नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत सांधेबदलीच्या कितीतरी पाट्या दिसतात, त्यांतली मोठी कुठली हे बघून ठरवू नका. एकच प्रश्न विचारा : ऑपरेशननंतर रोज सकाळी किडनीचे डॉक्टर येऊन पेशंटला बघतील का, आणि क्रिएटिनीन व टॅक्रोलिमसची लेव्हल इथे वेळेत मिळेल का? उत्तर हो असेल आणि ते मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला तयार असतील, तर नाशिक उत्तम. घर जवळ, डबा जवळ, आणि नवीन खुबा घेऊन कसारा घाटातून चार-पाच तास गाडीत बसावं लागत नाही. उत्तर 'गरज पडली तर बोलावू' असं आलं, तर मुंबईला जा आणि टाके निघेपर्यंत तिथेच राहण्याची सोय बघा. स्टेरॉइडवरच्या माणसाचे टाके जरा उशिरा काढतात, हे धरून चाला. खर्चाचं म्हणाल तर २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतीवर जी मर्यादा घातली ती गुडघ्याच्या सांध्यांना होती, खुब्याचं कोटेशन वेगळं आणि लेखी मागा. सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

सासूबाईंना दुखवू नका, पण मालीश नको. चेपलेला गोळा चोळून सरळ होत नाही, आणि ठिसूळ हाड जोरात ओढलं तर मोडतं. मालीश करणारा सोबत पुडी देत असेल तर ती अजिबात नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी कुटून घातलेली असते हे मी पुष्कळदा पाहिलंय, आणि म्हणूनच त्यांनी 'गुण' येतो. गुळवेलीचा काढाही नको. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून लोक घेतात, पण दादांची प्रतिकारशक्ती आपण औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवलीय. पपनसही वर्ज्य, ते टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतं. घरची द्राक्षं चालतील, साखरेच्या बेताने.

वेळ कधीची धरायची हे तुमच्या बागेवर बघून ठरवा. माल निघून गेल्यावर आणि खरड छाटणी उरकल्यावर मोकळा वेळ मिळतो असं तुम्ही लोक म्हणता, पण तो खरा मोकळा नसतो हे मलाही माहीत आहे. निदान तीन महिने मातीत, फवारणीत आणि ट्रॅक्टरवर दादा नाहीत, असं धरून माणूस लावा. पहिले दीड-दोन महिने खाली बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं नाही, नाहीतर खुबा निखळू शकतो. शेतातल्या घरी भारतीय संडास असेल तर ॲडमिट होण्याआधी कमोड बसवा किंवा कमोडची खुर्ची आणा. हे काम ऑपरेशननंतरसाठी ठेवलं की पहिल्याच सकाळी पंचाईत होते. उकिडवं बसून काम करण्याची सवय मात्र बहुधा कायमची सोडावी लागेल.

घरी आल्यावर ताप येण्याची वाट बघू नका. या औषधांवर असलेल्या माणसाला आत पू झाला तरी ताप चढतोच असं नाही. जखमेतून पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पाणी झिरपतंय, कडेने लाली पसरतेय, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढतंय, नुसतीच मरगळ आहे, लघवी कमी झालीय, यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी फोन. गावातल्या डॉक्टरांकडून परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने जंतू दबतात, मरत नाहीत, आणि मग तपासणीत सापडतही नाहीत.

आणि सिंहस्थ. दादांची इच्छा मी समजू शकते, गंगेवर वाढलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं. पण नदीतली डुबकी त्यांनी मारू नये. २०२७ पर्यंत जखम भरून निघालेली असेल, औषधं मात्र तीच असतील, आणि पर्वणीच्या गर्दीत रामकुंडाचं पाणी एक घोटही नाकातोंडात गेलं तरी त्यांना ते महागात पडू शकतं. पर्वणीचा दिवस टाळून, गर्दी ओसरल्यावर, काठी घेऊन घाटावर जावं, हात जोडावे. ओल्या पायऱ्यांवर उतरू नये, नवीन खुब्याला घसरणं परवडत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तुमच्या दोघांच्या शरीरात मिळून दोनच चालत्या किडन्या आहेत, त्यांतली एक तुमच्याकडे. पत्रभर तुम्ही दादांच्या क्रिएटिनीनचे आकडे दिलेत, स्वतःचा एकही नाही. किडनी देणाऱ्यानेही दरवर्षी बीपी, क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं असतं. पुढचे काही महिने पेशंटला उठवणं-बसवणं तुमच्याकडेच येणार, कंबर धरली की घरात पडलेल्या त्याच दुखण्याच्या गोळीकडे तुमचाही हात जाईल. त्या तुम्हालाही चालत नाहीत. दादांचं रक्त द्यायला नाशिकला याल तेव्हा तुमचंही त्याच वेळी द्या, आणि दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलला लावून मुंबईला पाठवा.